तरुण संघ, शिबिरं आणि पुढारीपण: वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली की तरुण संघ, शिबिरं, व्हीबीएस (मुलांची सुट्टीतली बायबल शाळा) यांच्याच पत्रांचा ढीग लागतो, म्हणून यावेळी सगळी जागा त्यांनाच दिलीय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, मोठी पत्रं थोडी कापलीत.

प्रश्न: ताई, मी शेवगाव तालुक्यातल्या एका गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघाचा सेक्रेटरी आहे, वय २४. नाताळात कॅरलला तीसेक पोरं असतात, नाटक बसवतो, सगळं दणक्यात होतं आणि जानेवारी लागला की शनिवारच्या मीटिंगला चार-पाच जण. बारावी झाली की पोरं चाकण, रांजणगावला कंपनीत लागतात म्हणजे तयार केलेला माणूस जातोच. पाळकसाहेबांकडे (पास्टरांकडे) अजून चार मंडळ्या आहेत, त्यांना वेळ नाही. मागच्या वर्षी शहरातून टीम आणून ३ दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग घेतलं, फाईल मिळाली, सर्टिफिकेट मिळालं, फरक मात्र काहीच पडला नाही. काय करावं?

बाळा, तुझ्या पत्रातच अर्धं उत्तर आहे बघ. नाताळात तीस पोरं का येतात? कारण प्रत्येकाला काहीतरी काम असतं. एक मेंढपाळ झालेला असतो, एकाकडे ढोलकी असते, एक वर्गणीची वही सांभाळतो, एक जण नुसता लाईटची माळ धरून उभा असतो पण तो नसेल तर अडतं हे त्याला माहीत असतं. आणि जानेवारीत काय होतं, तू पुढे बसून तासभर बोलतोस आणि बाकीचे ऐकतात. ऐकायला कोण किती दिवस येणार. सध्या जे येतात ते बिचारे तुझ्यावरच्या प्रेमापोटी येतात असं समज.

हे काही नवीन नाही. १८८१ साली अमेरिकेत पोर्टलंड गावात फ्रान्सिस क्लार्क नावाच्या पाळकांनी ख्रिश्चन एंडेव्हर नावाची तरुणांची संघटना सुरू केली, ती पुढे जगभर गेली, आपल्या देशातही आली. त्यांच्या पद्धतीत सभासदांना वेगवेगळ्या कमिट्यांमध्ये वाटून घेतलं जायचं, कुणी प्रार्थनासभेची तयारी करायचं, कुणी नवीन येणाऱ्यांकडे बघायचं, आणि सभेत काहीतरी भाग घ्यायचाच असं वचन प्रत्येकाकडून घेतलं जायचं, मग ते बायबलमधली एक ओळ वाचणं का असेना. मला वाटतं आपण त्यातलं हे मूळ सोडलं आणि नुसत्या मीटिंगा धरून ठेवल्या.

आता ३ दिवसांच्या ट्रेनिंगबद्दल. ते वाईट नसतं, मी स्वतः अशा ट्रेनिंगांना शिकवायला जाते, पण ट्रेनिंग संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी त्या पोराच्या हातात काय पडलं यावर सगळं अवलंबून असतं. काहीच पडलं नाही तर फाईल माळ्यावर जाते. म्हणून तू असं कर. तुझ्याकडे दहावी-अकरावीची एखादी मुलगी किंवा मुलगा असेल ना, जरा लाजरा असला तरी चालेल, त्याला पुढच्या शनिवारची अर्धी मीटिंग दे. पण नुसती देऊन मोकळा होऊ नकोस. बुधवारी त्याच्यासोबत अर्धा तास बस, शास्त्रभाग दोघं मिळून मोठ्याने वाचा, अवघड नावं आधीच म्हणून घ्या, मग त्याला विचार की यातलं तुला काय समजलं नाही. त्याचा जो प्रश्न असेल तोच शनिवारी सगळ्यांना विचारायचा. बस्स, एवढीच तयारी. शनिवारी तू सगळ्यात मागे बस आणि तो अडखळला तरी तोंड उघडू नकोस, मनात दहापर्यंत आकडे मोज, बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला तो सावरतो. मीटिंग संपल्यावर चहाला घेऊन जा आणि आधी त्यालाच विचार कसं वाटलं, मग एक चांगली गोष्ट सांग, एक सुधारायची सांग. एकच, पाच नाही.

हे मी इतकं बारीक का सांगतेय त्याचं कारण आहे. एका मंडळीत मी मागच्या बाकावर बसले होते, दहावीतली एक मुलगी बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातला भाग वाचत होती. नबुखद्नेस्सर या नावावर ती अडली, दोनदा अडली, तेवढ्यात समोरच्या रांगेतून एका मोठ्या माणसाने खणखणीत आवाजात ते नाव म्हणून दाखवलं आणि पोरं हसली. त्या माणसाच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण त्या मुलीने उरलेला भाग इतक्या हळू वाचला की ऐकूच आला नाही, आणि पुढे कधीही वाचायला सांगितलं की ती घसा बसलाय म्हणायची. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या नवरा-बायकोने अपुल्लो या उपदेशकाची चूक ऐकली तेव्हा काय केलं ते बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांत १८ व्या अध्यायात आहे, त्याला जवळ घेतलं आणि मग नीट समजावून सांगितलं. सभास्थानात उभं राहून नाही. तुमच्या संघात एवढा एकच नियम पक्का केलास तरी निम्मं ट्रेनिंग झालं.

चाकणला जाणाऱ्यांचं दुःख मला कळतं. पण माणूस जाणार हे धरूनच चालायचं आता, कारण शेतीवर भागत नाही आणि पोरं कमवायला बाहेर पडणारच. म्हणून प्रत्येक कामाला एक जोडीदार लाव, वयाने दोन-तीन वर्षं लहान. पौल तीमथ्याला दुसऱ्या पत्रात सांगतो ना की माझ्याकडून जे ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपव, म्हणजे ती आणखी दुसऱ्यांना शिकवतील. मोजून बघ, त्या एका वचनात चार पिढ्या आहेत. तुझ्या रजिस्टरमध्ये प्रत्येक नावापुढे जोडीदाराचं नाव आहे का एवढं बघ. आणि जो जातोय त्याला तसाच सोडू नका, तिकडच्या मंडळीच्या पाळकांना आपल्या पाळकांचं पत्र आणि एक फोन जाऊ दे, आमचा मुलगा येतोय, तो पेटी चांगली वाजवतो, त्याला काम द्या. तिकडे शिफ्ट फिरती असते आणि पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते, रविवारी उपासनेला येणं जमत नाही म्हणून पोरं हळूहळू तुटतात, विश्वास गेला म्हणून नाही. बुधवारी रात्री व्हिडिओ कॉलवर त्यांची अर्ध्या तासाची प्रार्थना ठेवलीत तर ती तुमच्याशीही जोडलेली राहतील.

पाळकसाहेबांना बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा १८ वा अध्याय प्रेमाने वाचायला दे, ते तुझ्यापेक्षा जास्त वेळा वाचलेले असतील तरी दे. इथ्रोने आपल्या जावयाला, मोशेला सांगितलं की सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बसलास तर तूही थकशील आणि लोकही थकतील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेम. पाच मंडळ्या असलेल्या पाळकाला दहांवरचे नायक लागतातच. तुम्ही स्वतःहून जाऊन म्हणा की साहेब, दुसऱ्या रविवारची तरुणांची प्रार्थना आम्ही बघतो, तुम्ही फक्त महिन्यातून एकदा आमच्यासोबत बसा.

प्रश्न: ताई, मी जालन्याकडच्या एका मंडळीच्या कमिटीवर आहे, वय ६३. आमच्या तरुणांना गिटार, ड्रम आणि हिंदी-इंग्रजी गाणी पाहिजेत. उपासना संगीत या आपल्या जुन्या गीतपुस्तकातली गीतं म्हटली की तोंडं वाकडी होतात. जुन्या माणसांना दुःख होतं. तरुण पुढारी तयार करायचे म्हणजे सगळं त्यांच्या मनासारखं करायचं का?

दादा, तुमच्या पत्रातलं दुःख खरं आहे, ती गीतं म्हणत आपल्या आई-वडिलांना आपण मातीआड केलंय, ती बाजूला पडताना बघवत नाही. तरी एक आठवण करून देते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला आणि त्यानंतर त्यांनी अभंग, भजनं, कीर्तनं आपल्या मंडळीत आणली. त्याआधी आपल्याकडे बरीचशी गीतं विलायती चालीवरची भाषांतरं होती. म्हणजे आज जे आपल्याला आजोबांच्या काळापासूनचं वाटतं तेही एका पिढीला नवीनच होतं, आणि ते आणणारा माणूस तेव्हा पस्तिशीच्या आसपासचा होता.

तेव्हा सगळं त्यांच्या मनासारखं नको, पण सगळं आपल्या मनासारखंही नको. मी असं सुचवीन की महिन्यातून दोन भजनं तरुणांनी बसवायची, गिटारवर बसवली तरी चालतील, शब्द मात्र तेच. आणि बसवण्याआधी तुमच्यातल्या एकाने त्यांच्यात बसून त्या गीताचा अर्थ सांगायचा. पोरांना चाल जुनी म्हणून नको असते असं आपल्याला वाटतं, बऱ्याचदा त्यांना त्यातले शब्दच कळत नसतात, इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला संतांच्या वळणाची मराठी कुणी समजावून दिलेलीच नसते. बदल्यात त्यांचं एक नवीन गाणं तुम्ही ज्येष्ठांनी शिकायचं, उभं राहून, टाळ्या वाजवून.

आणि दादा, राग मानू नका पण विचारते, तुमच्या कमिटीत तिशीच्या आतलं कोण आहे? गाण्यावरून भांडण होतं कारण तरुणांना बोलायला तेवढी एकच जागा मिळते. छपराच्या दुरुस्तीचा विषय निघतो तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही, दानार्पण किती आलं, खर्च कशावर झाला हे त्यांना माहीत नसतं. तुमच्या घटनेत बसत असेल तर दोन तरुण मतासकट घ्या, नसेल बसत तर निमंत्रित म्हणून बसवा. वर्षभरात ते गिटारबद्दल कमी आणि गळक्या छपराबद्दल जास्त बोलायला लागतील.

प्रश्न: मी नाशिकची, वय १९, एफवायला आहे. आमच्याकडे संडे स्कूल पूर्ण मुलींवर चालतं, पण तरुण संघाचा अध्यक्ष कायम मुलगाच. डायसिसच्या (बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागाच्या) ट्रेनिंग कॅम्पला ४ दिवस जायचंय तर घरून रात्रीचं राहायला परवानगी नाही. मम्मी म्हणते मुलींनी लीडर होऊन काय करायचंय. ताई, मी चुकीचं मागतेय का?

अजिबात नाही गं. तू आपल्याच घरातलं मागतेयस. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा सुरू केली तेव्हा त्या तिशीच्या होत्या, विधवा होत्या, पदरात लहान मुलगी होती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि बायका शेती बघायच्या, कापड विणायच्या, छापखाना चालवायच्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि त्याचे छपाईचे खिळे मुक्तीतल्या बायकांनी जुळवले. १९२२ साली रमाबाई गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. ज्यांच्या हातात कुणी पाटी दिली नव्हती त्यांनी देवाचं वचन छापलं. मम्मीला हे सांग, पण भांडताना नको, पोळ्या लाटायला मदत करता करता सांग.

अध्यक्षपदाचं म्हणशील तर संघाच्या नियमातच घालून घ्या की एक वर्ष अध्यक्ष मुलगी आणि सेक्रेटरी मुलगा, पुढच्या वर्षी उलट. संडे स्कूलमध्ये चाळीस पोरं शांत बसवणाऱ्या मुलीला मीटिंग चालवता येणार नाही असं म्हणणाऱ्याने एक रविवार तुमच्या वर्गात येऊन बसावं.

मम्मीच्या भीतीला मात्र मी खोटं म्हणणार नाही. चर्चचा कॅम्प आहे म्हणजे सगळं सुरक्षितच असणार असं धरून चालता येत नाही, आणि हे मी शिबिर भरवणाऱ्या सगळ्यांसाठीच लिहितेय, नीट वाचा. मुला-मुलींची झोपायची जागा वेगळी, मुलींच्या खोलीजवळ जबाबदार बाई, रात्री तिचा फोन चालू. कुठल्याही मोठ्या माणसाने एकट्या मुलाला किंवा मुलीला घेऊन बंद खोलीत समुपदेशन किंवा प्रार्थना करायची नाही, दार उघडं, दुसरं कुणीतरी दिसेल इतक्या अंतरावर. स्वयंसेवक निवडताना त्याच्या पाळकांना फोन करून विचारायचं, ओळखीचा आहे एवढं पुरेसं नाही. रात्री उशिरा मुलींना वैयक्तिक मेसेज नाहीत. १८ वर्षांखालच्या प्रत्येकाच्या पालकांची लेखी संमती. आणि कधी काही घडलं, कुणी काही सांगितलं, तर मंडळीचं नाव खराब होईल म्हणून ते आपसात मिटवायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) असं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला शिक्षा जास्त आहे. मुलांसाठीची हेल्पलाईन १०९८, ती प्रत्येक खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा. पोरांना हे पहिल्या दिवशीच सांगायचं, उद्घाटनाच्या भाषणाआधी.

तू कॅम्पच्या आयोजकांकडून हे सगळं लेखी माग, आणि कॅम्पवर असणाऱ्या एखाद्या बाईंना मम्मीशी फोनवर बोलायला लाव. तरीही घरून नाहीच म्हणाले तर दिवसा येऊन संध्याकाळी परत जायची सोय विचार. आयोजकांनो, शहरातल्या मुलींसाठी ही सोय ठेवायला काय हरकत आहे, त्यामुळे कितीतरी जणी येऊ शकतील.

प्रश्न: बी.कॉम. झालो आहे, २२ वय. पूर्णवेळ सेवेत यावंसं वाटतं. एका ठिकाणी ६ महिन्यांचा ऑनलाईन कोर्स करून 'रेव्हरंड' (दीक्षा मिळालेला पाळक) करतात म्हणे. बी.डी. (धर्मशिक्षणाची पदवी) करू की हा कोर्स? घरी मोठा मीच आहे.

तो सहा महिन्यांचा कोर्स करू नकोस. फी भरली की पदवी देणाऱ्यांपासून चार हात लांब राहायचं, दीक्षा मंडळी देते, वेबसाईट नाही.

बी.डी. म्हणजे पदवीनंतर साधारण ४ वर्षं. आपल्याकडे सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी (पदवी देणाऱ्या मंडळाशी) जोडलेल्या सेमिनरी, म्हणजे धर्मशिक्षणाची कॉलेजं आहेत, पुण्यातली युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यातलीच, ती आधी यवतमाळला होती, १९८३ मध्ये पुण्यात आली. सेरामपूर कॉलेज कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ साली कलकत्त्याजवळ सुरू केलेलं, पदवी द्यायचा अधिकार त्यांना १८२७ पासून आहे. घरची जबाबदारी असेल तर नोकरी करत शिकण्याचेही मार्ग आहेत, बंगळुरूची टाफ्टी ही संस्था १९७० च्या दशकापासून खास अशाच लोकांसाठी काम करते, घरी अभ्यास करायचा आणि ठरलेल्या वेळी गटात बसून चर्चा करायची.

पण अर्ज भरायच्या आधी एक वर्ष थांब असं मी म्हणेन. बी.कॉम. आहेस, नोकरी धर, घरी पैसे दे, आणि त्या वर्षात आपल्या पाळकांसोबत आजाऱ्यांच्या भेटींना जा, मयतीला जा, भांडण झालेल्या घरात जाऊन नुसता बसून राहा. व्ही. एस. अझरिया १९१२ साली अँग्लिकन मंडळीचे (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) पहिले भारतीय बिशप झाले, आताच्या तेलंगणातल्या दोर्नकलला, पण त्याआधी त्यांनी वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे सेक्रेटरी म्हणून तरुणांमध्ये कितीतरी वर्षं गावोगाव फिरून काम केलं. तिरुनेलवेलीची मिशनरी संस्था १९०३ मध्ये उभी करण्यात पुढाकार घेतला तेव्हा ते २८ वर्षांचे होते, आणि दोनच वर्षांनी २५ डिसेंबर १९०५ ला सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली त्यातही ते होते, आपली माणसं, आपला पैसा, आपली व्यवस्था या तत्त्वावर. तुला अजून भरपूर वेळ आहे. वर्षानंतरही मन तिकडेच ओढत असेल आणि तुझे पाळक, तुझी आई, तुझी मंडळी तेच म्हणत असतील तर जा, आणि फीसाठी मंडळीकडे हक्काने माग.

प्रश्न: कॅम्पला आमच्या कॉलेजचे हिंदू आणि बौद्ध मित्र यायचं म्हणतात. आणावं का? काही लोक घाबरवतात.

मित्र म्हणून येत असतील तर आनंदाने, पण उघडपणे. कॅम्पमध्ये काय काय होणार, प्रार्थना आहे, बायबल अभ्यास आहे, हे आधीच सांगायचं, क्रिकेटचा कॅम्प म्हणून आणायचं आणि मग संदेश ऐकवायचा हा खोटेपणा आहे, तो आपल्या प्रभूला शोभत नाही. १८ च्या आतला असेल तर त्याच्या आई-वडिलांची सही, त्यांनी नको म्हटलं तर विषय संपला. फी सगळ्यांना सारखी, कुणालाही येण्यासाठी वस्तू, पैसे, ॲडमिशन असलं काहीही द्यायचं नाही. आपला विश्वास पाळायचा आणि सांगायचा हक्क घटनेच्या २५ व्या कलमात आहे, तोच हक्क त्या मित्रालाही आहे, त्याच्या देवाबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं तर तिथल्या तिथे थांबवायचं. घाबरून लपवाछपवी केली की संशय वाढतो. गावातल्या पोलीस पाटलांना कार्यक्रमाची पत्रिका देऊन ठेवा, जेवायलाही बोलवा.

प्रश्न: दहावी-बारावीच्या मुलांना परीक्षेच्या वर्षी मीटिंगला बोलवावं का? पालक चिडतात.

महिन्यातून एकदा, तासभर, वेळेत सुरू आणि वेळेत बंद. बाकीच्या शनिवारी संघातल्या पुढच्या वर्गातल्या पोरांनी त्यांचं गणित आणि सायन्स घ्यावं चर्चच्या हॉलमध्ये. ते पण पुढारीपणाचंच ट्रेनिंग आहे आणि पालक चहा पाठवतील.

प्रश्न: मागच्या कॅम्पचे पैसे उरले, ते खजिनदाराच्या खात्यावर आहेत. तो चांगला मुलगा आहे पण लोक बोलायला लागलेत.

चांगला आहे म्हणूनच त्याला या बोलण्यातून सोडवा. या रविवारी उपासना संपल्यावर जमा-खर्च वाचून दाखवा, कागद नोटीस बोर्डावर लावा, उरलेली रक्कम मंडळीच्या खात्यात तरुण संघाच्या नावाने भरा आणि पावती घ्या. यापुढे संघाचा कुठलाही पैसा कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा त्याच्या फोनच्या यूपीआयवर घ्यायचा नाही, काढायला दोघांच्या सह्या, आणि दर ३ महिन्यांनी कमिटीतल्या एका ज्येष्ठाने वही तपासायची. पुढच्या कॅम्पची वर्गणी सुरू करायच्या आधी नंबर असलेलं पावती पुस्तक छापून घ्या.